वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडील एक विलक्षण कागद आहे. माणसाची जात, जन्मगाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख असे सारे काही त्यात असते आणि शेवटाकडे तीन रकाने असतात: अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. नोकरीच्या निमित्ताने आम्ही परभणी जिल्ह्यात आलो आणि येथलेच झालो. शिक्षक या नात्याने असे कित्येक दाखले आम्ही स्वहस्ते लिहिले. पहिल्या रकान्यात 'बरी', दुसऱ्यात 'चांगली' आणि तिसऱ्यात 'पालकांच्या विनंतीवरून' ही अक्षरे हाताला इतकी सवयीची झाली होती की, ती लिहिताना समोरच्या मुलाकडे पाहण्याचीही आवश्यकता वाटत नसे.

गेल्या वर्षी जून महिन्यात गंगाखेड तालुक्यातील एक शेतकरी असाच एक दाखला घेऊन आमच्या दारी आला. दाखला त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचा होता. हा मुलगा वर्गात बसत नाही, मध्येच उठून दाराशी जातो, प्रश्न पुरा विचारून होण्याआधीच उत्तर देतो, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेतो, पेन्सिल आणि खोडरबर रोज हरवतो, शेजारच्या मुलाला ढकलतो, अशा त्याच्याविषयीच्या तक्रारी होत्या. त्या सर्व तोंडी होत्या. कागदावर मात्र वर्तणूक 'चांगली' होती आणि कारण तेच, पालकांच्या विनंतीवरून! विनंतीचा अर्ज शाळेतच कोणी तरी लिहून दिला आणि बापाने त्याखाली सही केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून आता कोणी कोणाला काढून टाकीत नाही. विनंती करवून घेतली जाते.

हा बाप आमचा जुना विद्यार्थी. १९९७ च्या सुमारास तो सातवीत आमच्या वर्गात होता आणि आम्ही त्याला मारले आहे. 'शिक्षा केली' असे लिहिणे अधिक शोभून दिसले असते. पण शब्दांच्या खोटेपणाविषयीच लिहावयास बसल्यावर ती सवलत घेण्याचा आम्हास अधिकार नाही. उन्हाळ्यातील सकाळची शाळा होती. बहिणाबाई चौधरींची मनावरची कविता आम्ही रंगून शिकवीत होतो. मन कसे आवरता आवरत नाही याचे रसग्रहण चालू असता, ज्याचे मन खरोखरच आवरत नव्हते तो मुलगा खिडकीतून बाहेर पाहत होता. आम्ही त्याला पुढे बोलावून त्याच्या दोन्ही तळहातांवर छडी मारली आणि रसग्रहण पुढे चालू केले. यातील विसंगती आमच्या ध्यानी यावयास पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

दाखला टेबलावर ठेवून तो एवढेच म्हणाला, "सर, लेकरू माझ्यासारखंच हाय. मला लई हाणलं तुम्ही, त्याचं काही नाही. पण हाणून काही झालं नाही, एवढं तुमीच त्यांना सांगा."

ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

वैद्यकशास्त्र ज्याला 'एडीएचडी', म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता, असे म्हणते त्या अवस्थेविषयी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. वांड, द्वाड, उनाड, उंडगा, टारगट, वात्रट, वेंधळा, धांदरट, गबाळा, आळशी आणि मोठेपणी धरसोड वृत्तीचा. वाचकहो, ही यादी क्षणभर न्याहाळून पाहा. तिच्यात एकही शब्द आजाराचा नाही, अडचणीचा नाही. सारेच शब्द चारित्र्याविषयी निवाडा देणारे आहेत. लंगडणाऱ्या मुलास आपण 'चालण्यात बेफिकीर' असे म्हणत नाही, मंद दृष्टीच्या मुलास 'पाहण्यात आळशी' म्हणत नाही. परंतु ज्याचे अवधान टिकत नाही त्यास मात्र दुर्गुणी ठरवून आपण मोकळे होतो. एकदा दुर्गुण ठरला की पुढचे सारे सोपे असते. दुर्गुणावर उपाय शिक्षेचा, आणि शिक्षा करण्यास पदवी लागत नाही.

या मुलांविषयीचा पहिला आक्षेप आम्ही शिक्षकांच्या खोलीत, लग्नघरी, बसस्थानकावर, सर्वत्र ऐकला आहे: 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' आम्ही नम्रपणे विचारतो, तुमच्या वर्गात पहिलीला किती मुले होती आणि दहावीला किती उरली? मधली कोठे गेली? मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये गेली, हॉटेलात कपबशा विसळावयास गेली, ट्रकवर क्लीनर म्हणून गेली, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. त्या साऱ्यांना हीच अडचण होती असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. बहुतेकांना गरिबीने नेले. परंतु जी चंचल होती ती सर्वांत आधी गेली, आणि ती गेल्याचे कोणाला वाईटही वाटले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या वेळी ती होती, फक्त पटावर नव्हती.

दुसरा आक्षेप असा की, हे अमेरिकेतून आलेले नवे खूळ आहे. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांना ते परवडते. येथे आमच्या जिल्ह्याच्या अभिमानाचा एक दाखला देतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वचन येथील शेंबडे पोरही सांगते. त्याचा उगम काय याविषयी दहा जणांकडून दहा कथा ऐकावयास मिळतात, असो. तर त्या जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात हाइनरिश हॉफमन नावाचे एक डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलास देण्यासाठी त्यांना मनाजोगे पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच चित्रे काढून एक वही तयार केली आणि पुढल्या वर्षी ती छापली गेली. पुढील आवृत्त्यांत त्या पुस्तकात जेवणाच्या मेजावर स्वस्थ न बसणारा फिलिप आला. तो खुर्चीवर पुढे-मागे झुलतो, अखेर तोल जाऊन मेजावरचा कपडा ओढतो आणि ताटे, भांडी, जेवण यांसह जमिनीवर येतो. आई निःशब्द पाहत राहते आणि बाप संतापतो. परभणीच्या कोणत्याही घरात हे दृश्य दिसेल. मेजाऐवजी पाट, एवढाच काय तो फरक. जर्मनीशी आपले खरे साम्य कोठे असेल तर ते या फिलिपच्या बाबतीत आहे, असे आम्हास वाटते.

त्याही आधी, १७९८ मध्ये, अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने अवधान न टिकण्याच्या जन्मजात अवस्थेचे वर्णन करून ठेवले होते. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेजात जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यांनी पाहिलेल्या मुलांपैकी अनेकांची बुद्धी शाबूत होती आणि कित्येकांचे संगोपनही नीट झालेले होते. तरीही त्यांनी त्या अवस्थेला 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे नाव दिले. म्हणजे ज्या गृहस्थांनी हा प्रश्न दवाखान्यात आणला त्यांच्याही लेखणीतून पहिला शब्द नीतीचाच उतरला! वैद्यकशास्त्राला त्या शब्दातून बाहेर पडण्यास पुढे कित्येक दशके लागली. 'अवधानाची न्यूनता' हे नाव १९८० मध्ये आणि आजचे नाव १९८७ मध्ये रूढ झाले. आपल्या शिक्षकांच्या खोलीत मात्र अद्याप १९०२ सालच चालू आहे.

मग ही अवस्था आहे तरी काय? जगभरच्या पाहण्यांचे सार काढले तर शंभरातील सुमारे पाच मुलांत ती आढळते. ती मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिच्यातील आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. बाप 'लेकरू माझ्यासारखंच हाय' म्हणाला त्यामागे हे शास्त्र आहे, आणि मातेच्या लाडाने पोर बिघडले असे म्हणणाऱ्या सासवांना व मुख्याध्यापकांना हेच त्याचे उत्तर आहे. २००७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी अशा मुलांच्या मेंदूची वाढ वर्षानुवर्षे मोजून पाहिली. मेंदूच्या बाह्य स्तराची वाढ त्यांच्यात इतर मुलांच्याच क्रमाने होते, परंतु सरासरी तीन वर्षे उशिरा, आणि हा उशीर विशेषेकरून कपाळामागील त्या भागात असतो जो थांबणे, वाट पाहणे, क्रम लावणे ही कामे करतो, असे त्यांना दिसून आले.

आमच्या काळ्या जमिनीच्या मुलुखात ही गोष्ट समजावून सांगण्यास जड जाऊ नये. पाऊस पडला म्हणून त्याच दिवशी कोणी तिफण जुंपीत नाही. वाफसा येईपर्यंत शेतकरी थांबतो. वाफसा नसताना औत घातले तर ढेकळे निघतात, बैल घाईला येतात आणि दोष जमिनीचा नसतो, हे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या पदवीधरापासून सालगड्यापर्यंत सर्वांस ठाऊक असते. जमीन माजली आहे, तिला दोन रट्टे दिले पाहिजेत, असे म्हणणारा शेतकरी आम्हास अद्याप भेटावयाचा आहे. तोच शेतकरी पालकसभेत येतो आणि गुरुजींना सांगतो, 'मारा, पण शिकवा. हाडं आमची, कातडं तुमचं.'

एक आक्षेप मात्र खरोखर बुद्धिमान आहे आणि त्यास सामोरे गेले पाहिजे. 'पोरगा मोबाइल घेऊन दोन-दोन तास हलत नाही; क्रिकेट चालू असले तर जेवणाची शुद्ध नसते. मग अभ्यासालाच अवधान कसे नाही? हे सोंग नव्हे काय?' आम्हीही अनेक वर्षे हाच प्रश्न विचारीत असू. येथे 'न्यूनता' या शब्दाने घोटाळा केला आहे. अवधानाचा साठा कमी असतो असे नव्हे. ते हवे तेथे नेणे, नको तेथून काढणे आणि कंटाळवाण्या कामावर टिकवून धरणे, हे जे सारथ्य आहे ते कच्चे असते. ज्यात क्षणाक्षणाला काही घडते आणि लगेच फळ मिळते, तेथे अवधान आपोआप खेचले जाते. ज्याचे फळ वार्षिक परीक्षेत मिळावयाचे तेथे ते टिकत नाही. घोडा चौखूर उधळतो, याचा अर्थ लगाम शाबूत आहे असा होत नाही.

'मन तर सर्वांचेच चंचल असते' हेही आम्हास सुनावले जाते, आणि त्यासाठी गीतेतील अर्जुनाची साक्ष काढली जाते. खरे आहे. रक्तदाबही सर्वांनाच असतो. तो किती असावा, हा प्रश्न असतो. म्हणूनच निदानाचे निकष कडक आहेत: लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसावयास हवीत आणि त्यांनी जगणे अडवलेले हवे. अर्जुनाचाच विषय निघाला आहे तर हेही लक्षात घ्यावे की, त्याने मन आवरत नसल्याची तक्रार केली तेव्हा त्यास कोणी छडी मारली नाही. आणि ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागतात! वसूल करीत नाहीत.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्याविषयी कोणी तक्रारसुद्धा करीत नाही. त्यांची चंचलता पुष्कळदा हातापायांत नसून आत असते. मुलगी शेवटच्या बाकावर शांत बसलेली असते आणि तिच्या कानी एक अक्षर पडलेले नसते. शिक्षक तिला 'सालस' म्हणतात. घरी दूध उतू जाते, चुलीवरची भाकरी करपते, दळणाचा डबा गिरणीतच राहतो; आई तिला 'वेंधळी' म्हणते. 'नांदायला गेल्यावर कळेल' हे भविष्य तिला दहाव्या वर्षापासून ऐकविले जाते आणि बहुधा ते खरेही ठरते. भाऊ निदान शिक्षकांच्या नजरेत तरी येतो, हिच्या वाट्याला तेही नाही. सासरी तिच्या विसराळूपणाचा अर्थ 'माहेरचे वळण' असा होतो आणि तिची स्वतःविषयीची समजूतही तीच होऊन बसते. चाळीशीतल्या अशा एका बाईंना, आपल्या मुलासाठी डॉक्टरांनी दिलेली प्रश्नावली भरता भरता, ही सारी उत्तरे आपलीच आहेत असे उमगले आणि त्या रडू लागल्या, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले. ही अवस्था मोठेपणी आपोआप सुटते हा समज किती पोकळ आहे ते अशा वेळी कळते. अनेकांत ती आयुष्यभर राहते. धावणे थांबते, विसरणे आणि अर्धवट सोडणे राहते.

'बाहेरचे काही आहे' म्हणून गंडेदोरे करणाऱ्यांवर लिहिण्यात आम्ही शाई दवडणार नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामांकडेही पाहावे. आमच्यातही असे पालक आहेत की जे मुलाला एका प्रार्थनासभेतून दुसऱ्या प्रार्थनासभेत डोक्यावर हात ठेवून घेण्यासाठी नेतात आणि डॉक्टरांकडे नेत नाहीत. प्रार्थनेविषयी आमचे काही म्हणणे नाही. चष्मा लागला तर आपण प्रार्थनाही करतो आणि चष्माही घेतो. तेवढाच न्याय येथे असावा.

औषधाचे नाव काढले की मात्र सुशिक्षितही बिथरतात. 'लेकराला गुंगीचे औषध देणार?' या अवस्थेवर अधिक वापरले जाणारे औषध मेथिलफेनिडेट. लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ साली तयार केले आणि 'रिटा' या आपल्या पत्नीच्या नावावरून पुढे त्याचे 'रिटालिन' हे व्यापारी नाव पडले. ते गुंगी आणणारे नसून मेंदूला जागविणारे आहे; जो भाग लगाम धरतो त्याला ते साहाय्य करते. त्याचा दुरुपयोग होऊ शकतो म्हणून आपल्या देशात ते 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे: दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. ही काळजी योग्यच आहे. परंतु परिणाम असा की, तालुक्याच्या गावी ते मिळणे दुरापास्त. त्याने भूक कमी होते, झोप लांबते. अंगावर आधीच मांस नसलेल्या मुलांच्या बाबतीत वजनाकडे बारकाईने लक्ष ठेवावे लागते. सर्वांनाच ते लागते असेही नाही आणि अगदी लहान मुलांत तर आधी आईबापांना वागणुकीचे प्रशिक्षण द्यावयाचे असते. हे सारे डॉक्टरांनी ठरवावे, दारूगुत्त्याची उपमा देणाऱ्या शेजाऱ्याने नव्हे.

आता ज्यांना या मुलांविषयी कळवळा आहे त्यांच्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत, कारण तेथेही एक साचा तयार झाला आहे. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला. तो वाचन-लेखनाच्या अक्षमतेवर होता, अवधानावर नव्हे. पण त्याने पालकांची मने हलविली हे मान्य केलेच पाहिजे. तेव्हापासून मात्र प्रत्येक चंचल मुलात आम्हाला एक दडलेला कलावंत शोधावयाचा असतो. चित्रपटातील मुलगा अखेरीस चित्रकलेची स्पर्धा जिंकतो आणि सारे त्यास क्षमा करतात. जो कोणतीच स्पर्धा जिंकत नाही त्याचे काय? आमच्या त्या विद्यार्थ्यात कोणताही एडिसन दडलेला नव्हता. त्याने हॉटेलात काम केले, जिनिंगमध्ये केले, पुण्याजवळच्या कारखान्यात कंत्राटावर केले, आणि आता दोन एकर कोरडवाहू शेती करतो. बोअरची मोटार चालू ठेवून घरी येतो, बँकेच्या हप्त्याची तारीख विसरतो आणि त्याबद्दल दंड भरतो. अलौकिक असण्याची अट न घालता त्याला न मारण्याजोगे काही होते की नाही?

आमच्या वाचकांस कुपर्तिनोचे संत जोसेफ ठाऊक आहेत. परीक्षार्थींचे ते आश्रयदाते. सतराव्या शतकातील त्या इटालियन पोराला सोबती 'उघड्या तोंडाचा' म्हणून हिणवीत. कापुचिन मठात त्याच्या हातून भांडी फुटत, सांगितलेली कामे विसरली जात. आठ महिन्यांत त्याची मठाची वस्त्रे काढून घेऊन त्यास परत पाठविण्यात आले. आम्ही त्यांना कोणताही आजार चिकटवीत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी आज पाहता येत नाही. परंतु परीक्षेच्या आठवड्यात त्यांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावावयाची आणि घरी पेला फोडणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालावयाचा, हे आम्ही एकाच घरात एकाच सायंकाळी पाहिले आहे.

याच्या उलटही एक धोका आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तो लहान नाही. जे मूल रक्तक्षयाने मलूल आहे, ज्याच्या कानातून पू वाहतो म्हणून त्यास नीट ऐकू येत नाही, जे आजीजवळ राहते कारण आईबाप ऊसतोडीवर आहेत, ज्याच्या बापाने कर्जापायी विष घेतले आणि ज्यास रात्री झोप लागत नाही, तेही वर्गात अस्वस्थ असते, तेही खिडकीबाहेर पाहते. एका प्रकारच्या अपस्मारात मूल काही क्षण नुसते शून्यात पाहते आणि शिक्षकास ते 'लक्ष नाही' असे वाटते. या साऱ्यांच्या कपाळी एकच चिठ्ठी डकविण्याचा अधिकार शिक्षकास देऊ नये. शिक्षकाने पाहावे, तारीख घालून टिपून ठेवावे आणि पाठवावे.

पण पाठवावे कोठे? केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. शाळाशाळांतून जाणाऱ्या त्याच्या पथकांनी ज्या तीस व्याधी शोधावयाच्या आहेत त्या यादीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता स्पष्ट नावाने आहे, आणि आढळलेल्या मुलांसाठी जिल्हास्तरावर केंद्र असावे अशी योजना आहे. कागद उत्तम आहे. प्रत्यक्षात पथक येते त्या दिवशी उंची, वजन, दात, डोळे यांतच दिवस मावळतो. आणि अतिचंचल मूल पांढऱ्या कोटातील अनोळखी माणसापुढे दोन मिनिटे अगदी शहाण्यासारखे उभे राहते. शिक्षकास विचारल्याविना ही व्याधी सापडावयाची नाही, आणि शिक्षकास कोणी विचारीत नाही. २०२३ मध्ये परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील मानसोपचार आणि बालरोग विभागांनी महिन्यातून एक दिवस गंगाखेड, जिंतूर, पालम येथे जाऊन बसावे, ही मागणी अवाजवी खचित नाही.

कायद्यातही एक फट आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता त्यात आली, अध्ययन-अक्षमता आली. अवधान-न्यूनता आली नाही. परिणामी वाचता न येणाऱ्या मुलास परीक्षेत जादा वेळ मागण्यास कायद्याचा आधार मिळतो. पण येते ते सारे लिहिण्याआधीच ज्याचे मन उत्तरपत्रिकेवरून उठून जाते त्याला, जोडीला दुसरी अक्षमता सिद्ध झाल्याखेरीज, तसा आधार नाही. छडीच्या बाबतीत मात्र कायदा निःसंदिग्ध आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींस बंदी केली आहे. छडी कमी झाली आहे, हे आम्ही आनंदाने नोंदवितो. दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय? 'हा बघा, आला आमचा येडचाप' असे चाळीस मुलांदेखत म्हटले जाते तेव्हा तेही त्याच कलमात बसते, हे किती शाळांना ठाऊक आहे?

दाखल्याच्या वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहावे याचे उत्तर आम्हास अद्याप सापडलेले नाही. 'चांगली' हे त्या शाळेच्या दृष्टीने असत्य होते आणि 'वाईट' हे आमच्या दृष्टीने. कदाचित तो रकानाच नको.

तो मुलगा आता शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. आम्ही त्याच्या बापाबरोबर तेथील बाईंना भेटावयास गेलो होतो. त्या वयाने आमच्या नातीएवढ्या. आम्ही बराच वेळ बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि त्यास पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसविले. गणिते एका वेळी दहा न देता तीन-तीन देतात. फळा पुसणे, हजेरीपट कार्यालयात नेऊन देणे, प्यावयाचे पाणी आणणे ही उठण्याची कामे त्या त्याला मुद्दाम देतात. कंपासपेटी त्याने या वर्षात चार वेळा हरविली. डॉक्टरांनी कान आणि रक्त तपासले, बाईंकडून एक प्रश्नावली भरून मागविली आहे आणि निदान अजून पक्के केलेले नाही. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. फवारणी उरकल्यावाचून एक दिवस मोकळा मिळणार नाही, असे बाप म्हणाला. तारीख त्याच्या ध्यानात राहावयाची नाही, म्हणून ती आम्ही आमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.